सर बाहेर उभे आहेत

“हे बघा! बघा ही घाण!” असं ओरडत भाऊजींनी कारवीच्या काठीला बांधलेली चिंधी हिसडून काढली आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी सगळ्यांना दाखवली. “आता इथवर पोचले हे लोक. खाली तळ्याकाठी तंबूंची चाळ बांधून पोट भरलं नाही, म्हणून डोंगराला पताका लावायला निघालेत!”

“निर्लज्ज आहेत सर,” कामत म्हणाला.

मी रांगेत सगळ्यांच्या मागे धापा टाकत उभी होते. मला लांबून फिकट काहीतरी फडफडताना दिसलं, एवढंच. “असू देत ना भाऊजी,” मी म्हटलं, “कुणाच्या तरी उपयोगाच्या असतील.”

“वृंदा, ज्याला खुणा लागतात त्याने डोंगरात येऊच नये,” भाऊजी म्हणाले आणि चिंधी खिशात कोंबून पुढे निघाले.

हे भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माणिकताईचे यजमान, श्रीनिवास ओगले. साताऱ्यात एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अख्ख्या जगाला निसर्ग शिकवायचे. त्यासाठी त्यांनी ‘निसर्गव्रती मंडळ’ काढलं होतं. मंडळाच्या पावतीपुस्तकावर सभासद बरेच होते, प्रत्यक्ष डोंगरात येणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि व्रत म्हणाल तर ते पाळणारी एकटी माझी बहीण. बाकीच्यांचं व्रत खाली उतरल्यावर पहिल्या मिसळीच्या दुकानात सुटायचं.

मंडळाचा मुख्य बाणा असा, की ठरवून दिलेल्या तळावर मुक्काम करायचा नाही. जिथे पाटी आहे, नळ आहे, संडास आहे, तिथे निसर्ग नाही, असं भाऊजींचं मत होतं आणि व्याख्यानात ते टाळ्या घेऊन सांगायचे. मुक्काम करायचा तो आडरानात, उघड्यावर, वाट नसलेल्या ठिकाणी. दगडाला बाण काढायचा नाही, झाडाला फीत बांधायची नाही. खूण करणं म्हणजे डोंगराला डाग देणं. दुसऱ्या कुणाची खूण दिसली तर ती पुसून टाकणं हे पुण्यकर्म. त्यासाठी हा कामत कमरेला चाकू लावून फिरायचा. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि सरांना शिंक आली की रुमाल याच्या खिशातून निघायचा.

मी तेव्हा कोल्हापूरला नोकरीला होते. असल्या भानगडीत मी कधी पडले नसते, पण ताईने फोन केला, “एकदा तरी ये गं. तेवढीच मला सोबत.” लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याबरोबर जाताना बहिणीची सोबत का लागते, हे मी तेव्हा विचारलं नाही. सकाळी पायथ्याला एसटीतून उतरलो आणि लगेचच त्याचं उत्तर मिळालं.

“माणिक, तू शेपूट,” भाऊजी म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाली.

शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. जो मागे रेंगाळेल, ज्याला धाप लागेल, ज्याचा पाय मुरगळेल, त्याला घेऊन यायची जबाबदारी शेपटाची. म्हणून प्रथमोपचाराची पेटी शेपटाकडे. आणि शेपूट सावकाशच येतं, मग त्याला ओझ्याचं काय, म्हणून खिचडीचं मोठं पातेलं, डाळ, तांदूळ, तेल, तिखट-मीठ हेही शेपटाच्याच पाठीवर. पुढारी हलका असावा लागतो, असा भाऊजींचा सिद्धांत होता. त्यांच्या पाठीवर एक नकाशा, एक दुर्बीण आणि चहाचं छोटं भांडं.

त्या दिवशी शेपटाला धरून पेंढारकरकाका होते. निवृत्त पोस्टमास्तर, पहिल्यांदाच डोंगरात आलेले, आणि माळ्यावर कित्येक वर्षं पडलेले बूट घालून आलेले. पहिल्याच चढाला त्यांच्या उजव्या बुटाने आ वासला. तळवा सुटून पुढे लोंबायला लागला. काका बिचारे ओशाळून हसले.

भाऊजींनी बुटाकडे पाहिलं आणि मग वर कड्याकडे पाहिलं. “मंडळाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे,” ते म्हणाले. “डोंगर कुणासाठी थांबत नाही.”

“डोंगर कुठे चाललाय?” मी म्हटलं. “चाललात तुम्ही.”

ताईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग काकांना दगडावर बसवून ती पिशवीतून सुतळी काढायला लागली. मला म्हणाली, “तू जा यांच्याबरोबर. बूट बांधते नि येतेच. वर जाऊन तेवढा चहा टाक.”

“वाट सापडेल ना तुला?”

“सापडेल. तू काळजी करू नकोस.”

ती इतक्या खात्रीने म्हणाली की मी पुढे गेले. थोडं वर चढल्यावर वळून पाहिलं, तर ती काकांचा पाय मांडीवर घेऊन बुटाला सुतळीचे वेढे घालत होती. काका संकोचाने आकाशाकडे बघत होते.

आता वर भाऊजींचा चिंध्यांचा सपाटा सुरू होता. डिसेंबरचे दिवस, गवत वाळून कमरेपर्यंत आलेलं, आणि त्यात गुरांच्या पायवाटा इकडून तिकडे गेलेल्या. खरी वाट कुठली आणि म्हशींची कुठली, हे मला तर काहीच कळत नव्हतं. जिथे जिथे वाट फुटत होती तिथे नेमकी एक चिंधी बांधलेली असायची. कधी कारवीला, कधी करवंदीच्या जाळीला. आणि प्रत्येक चिंधीपाशी आमचं व्याख्यान व्हायचं.

“चाकरमान्यांची जत्रा आणायची आहे यांना इथे,” भाऊजी म्हणायचे. “उद्या इथे भज्यांची गाडी लागेल.” मग चिंधी ओढायची आणि खिशात घालायची. खिसा भरला तेव्हा त्यांनी दुसऱ्या खिशात भरायला सुरुवात केली. एखादी गाठ सुटली नाही की कामत चाकू घेऊन धावायचा. त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की त्याने जणू पाकिस्तानची चौकी उडवली होती.

“ही वाट तुम्ही शोधली कशी सर?” मंडळातल्या एका नव्या मुलीने विचारलं.

“नकाशा,” भाऊजी म्हणाले. “नकाशा वाचता आला पाहिजे. समोच्च रेषा बोलतात. ऐकणारा कान हवा.”

दुपार कलायच्या आत आम्ही कोंडमाळावर पोचलो. जागा सुंदर होती, ते मी नाकारत नाही. लांबच लांब सपाट माळ, एका अंगाला पाण्याचं कातळातलं कुंड, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. त्या कड्याच्या खाली, अगदी तळात, तळं दिसत होतं आणि त्याच्या काठी नारिंगी तंबूंच्या रांगा.

“ते बघा,” भाऊजी दुर्बीण लावून म्हणाले. “शिस्तीत लावलेली कोंबड्यांची खुराडी. नंबर घातलेले आहेत प्रत्येकावर. निसर्गात जायचं आणि नंबर घेऊन झोपायचं!” मग ते दुर्बीण सगळ्यांना आळीपाळीने देत राहिले. खाली पाहून प्रत्येकाने काहीतरी तुच्छतेने बोलायचं, असा रिवाज असावा. मी पाहिलं तर एक बाई दोरीवर टॉवेल वाळत घालत होती. मला तिचा हेवा वाटला.

मग सगळ्यांना भूक लागली. भूक लागली तेव्हा कुठे मंडळाला माणिकताईची आठवण झाली.

“अजून कशी नाही आली ही?” भाऊजी घड्याळ बघत म्हणाले. “डाळ-तांदूळ सगळं तिच्याकडे.”

“पेंढारकर जरा जडच आहेत,” कामत म्हणाला.

“तरी काय झालं. चार जण उपाशी बसलेत इथे.”

मी ऐकत होते आणि माझ्या कानशिलात रक्त तापत होतं. पण ताईचे वटारलेले डोळे आठवून मी चहा केला. चहाला उकळी आली. भांडं उतरवायला सांडशी बघितली, तर सांडशीही शेपटाकडेच. “थांब,” म्हणत भाऊजी पुढे झाले. त्यांनी खिशातून चिंध्यांचा बोळा काढला, तो भांड्याच्या काठाला दोन्हीकडून लावला आणि भांडं उचलून माझ्या समोर ठेवलं. “शेवटी काही तरी उपयोग झाला या कचऱ्याचा,” ते म्हणाले.

मी त्या बोळ्याकडे पाहिलं. फिकट पांढऱ्या सुती कापडावर बारीक निळी फुलं होती. पुष्कळ धुऊन विरलेली, पण निळी.

ते कापड ताईच्या गाऊनचं होतं. तो गाऊन मीच तिला दिला होता. दोन दिवाळ्यांपूर्वी, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून घेऊन. ती तो रोज घालायची. साताऱ्याला गेलं की सकाळी दूध तापवताना, रात्री अंथरुणं घालताना ती त्याच गाऊनमध्ये दिसायची. ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो गाऊन रोज वावरत होता, त्याने सकाळपासून त्याच्या चिंध्या हातात धरून व्याख्यानं दिली होती आणि त्याला ओळख पटली नव्हती.

“भाऊजी,” मी म्हटलं, “ताई इथे आधी आली होती?”

“म्हणजे?”

“या वाटेने. आधी कधी आली होती का?”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “मागच्या रविवारी पाठवलं होतं मी तिला. जरा वाट बघून ये म्हणून. माझं कराडला व्याख्यान होतं.”

“आणि वाट तिनेच सांगितली तुम्हाला?”

“नकाशाशी ताडून पाहिली मी,” ते म्हणाले आणि नव्या मुलीकडे पाहणं त्यांनी टाळलं.

“मग या खुणा तिच्या आहेत. हा तिचा गाऊन आहे.”

कामतने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. काय चेहरा करावा हे सरांकडून कळेना, म्हणून तो चहाकडे बघायला लागला.

“शक्य नाही,” भाऊजी म्हणाले. “माणिक खुणा करणार नाही. मंडळाचा नियम आहे.” मग त्यांनी बोळा उलगडून पाहिला. “मला विचारायला हवं होतं तिने,” ते म्हणाले.

मी उठले. त्या गवतातून, त्या म्हशींच्या वाटांतून, लंगड्या म्हाताऱ्याला घेऊन ताई खुणा शोधत येत असणार, आणि खुणा इथे चहाचं भांडं उतरवायला वापरल्या होत्या. माळाच्या अलीकडे एक गुरांची वाट होती, चांगली रुळलेली, आमच्या वाटेपेक्षा रुंद. ती थेट कड्यावर जात होती. येताना तिच्या तोंडाशी चिंधी होती, दुसऱ्या बाजूला वळा असं सांगणारी. ती कामतने चाकूने कापली होती.

“मी खाली चालले,” मी म्हटलं. “तुम्हाला यायचं तर या.”

ते आले. नाही कसं म्हणू? कामतही आला. बाकीच्यांना तिथेच बसवलं. उतरताना मी “ताई! ताई गं!” अशा हाका मारत होते आणि घसा बसत चालला होता. भाऊजी मागून म्हणाले, “इतकं ओरडू नये, पक्ष्यांना त्रास होतो.” मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग मात्र तेही हाका मारायला लागले.

त्या रुळलेल्या वाटेच्या तोंडाशी गवत मोडलेलं होतं. मी तिच्यावरून पुढे गेले. कड्याच्या जरा अलीकडे उतार सुरू होत होता, सगळं पिवळं घसरडं गवत, आणि त्या उतारावर माती उकरली गेली होती. कुणीतरी तिथून घसरलं होतं. सुतळीचा एक तुकडा करवंदीला अडकला होता. त्यापुढे कडा. मी पालथी झोपून कड्याच्या टोकाशी सरकले आणि खाली पाहिलं. खाली झाडं होती, दगड होते. दुसरं काही दिसलं नाही. मी ढसाढसा रडले, ते भीतीने रडले की सुटकेने, सांगता येत नाही.

“परत फिरल्याच्या खुणा आहेत,” कामत मागून म्हणाला. “गवत इकडे खाली मोडलंय.”

माणसाला एकदा तरी उपयोगी पडायचं असतं, ते कामत त्या वेळी पडला. मोडलेलं गवत धरून आम्ही घळीतून खाली उतरत गेलो. घळ संपली तेव्हा ऊन कलून पिवळं झालं होतं, आणि समोर तळं होतं. तळ्याकाठी ते नारिंगी तंबू. लाउडस्पीकरवर जुनं हिंदी गाणं चाललं होतं आणि त्याच्यावरून कुणीतरी मोठ्याने हसत होतं. ते हसणं पेंढारकरकाकांचं होतं.

तळाला गेट होतं. गेट म्हणजे काय, तर दोन बांबू उभे केलेले, वर पाटी, आणि दोन्ही बाजूंना कुंपण म्हणून काहीच नाही. म्हशी कुठूनही आत शिरत होत्या. मी धावत आत गेले. मागे पाहिलं तर भाऊजी त्या दोन बांबूंच्या बाहेर थांबले होते. त्यांच्या मागे पाऊलभर अंतर ठेवून कामत.

“वृंदा,” भाऊजी म्हणाले, “तिला सांग, सर बाहेर उभे आहेत.”

ताई पत्र्याच्या स्वयंपाकघरासमोर बाकड्यावर बसली होती. दोन्ही तळहातांना हळद लावून फडकं बांधलेलं. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलपटून निघालेला. शेजारी काका, पायात कुणाच्या तरी चपला, समोर गरम भाकरी आणि पिठलं. मी तिला मिठीच मारली. तिने बांधलेल्या हातांनी माझी पाठ थोपटली.

“अगं, रडतेस काय? आहे ना मी.”

“या पोरीने मला ओढून काढलं बघा,” काका मलाच ओळख करून दिल्यासारखे सांगायला लागले. “खुणा होत्या म्हणाली, एकही दिसेना. आम्ही आपले मोठी वाट बघून गेलो. एकदम समोर आकाशच! बूट घसरला माझा. हिने करवंदीच्या जाळीला धरलं एका हाताने आणि मला पट्ट्याला धरलं दुसऱ्या हाताने. पातेलं तसंच पाठीवर.” मग काका हसले आणि हसताना त्यांची हनुवटी थरथरली. “मी म्हटलं, सोडा मला. तर म्हणाली, सोडायचं असतं तर सुतळी कशाला बांधली असती.”

तळ चालवणारे ज्ञानू ढेबे आणि त्यांची बायको शेवंता तिथेच होती. मागच्या रविवारी हीच शेवंता ताईबरोबर वर जाऊन वाट दाखवून आली होती. “बसा ताई तुमीबी,” ती मला म्हणाली. “घास खाल्ल्याबिगर कुनी जायाचं न्हाय. आन् ते भाइर कोन हायेत? त्यास्नी आत बोलवा की. कशापायी हुबं ऱ्हायल्यात?”

“ते आत येत नाहीत,” ताई म्हणाली.

“का वं? सोवळं हाय का काय?”

“तसंच काहीसं.”

मी ताईला विचारलं, “गाऊन फाडून खुणा तू बांधल्या होत्यास?”

“हो. शेवंताबाई हसत होत्या मला.”

“आणि भाऊजींना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर बांधू दिल्या असत्या?” ती म्हणाली. “मला माहीत होतं ना, मी शेपटाला असणार. आणि मला माहीत होतं, हे थांबणार नाहीत. कुणी ना कुणी लंगडतंच दर वेळी.” मग तिने विचारलं, “काढल्या कुणी?”

मी सांगितलं. खिसे भरल्याचंही सांगितलं, चहाच्या भांड्याचंही सांगितलं. बांधलेल्या हातांनी तिने समोरची भाकरी कशीबशी मोडली, आणि पुन्हा ताटलीत ठेवली.

“सर बाहेर उभे आहेत, असं सांगायला सांगितलंय,” मी म्हटलं.

“त्यांना म्हणावं, आत या,” ताई म्हणाली. “काकांचा पाय बघा, माझे हात बघा. मग निघू आपण.”

मी गेटाशी गेले आणि निरोप दिला.

“मी असल्या जागेत पाऊल ठेवत नाही, हे तिला माहीत आहे,” भाऊजी म्हणाले.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” कामत म्हणाला.

“भाऊजी, कड्यावरून जाता जाता वाचली ती. हात सोलपटलेत दोन्ही.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण त्या माणसाचं कौतुक करायचा प्रसंग मला फारसा आलेला नाही. त्यांनी आत पाहिलं. ताई तिथून दिसत होती, आमच्याकडेच बघत होती. त्यांनी एक पाय उचलल्यासारखाही केला. मग आतून गाण्याचा आवाज वाढला, दोन पोरं तंबूतून ओरडत बाहेर आली, आणि भाऊजींनी कामतकडे पाहिलं. कामत सरांकडेच बघत होता, उद्या मंडळात सांगायला.

“फार लागलंय का?” भाऊजींनी मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत म्हणाले, “प्रथमोपचाराची पेटी तिच्याकडेच आहे ना? मग ठीक आहे. तिला सांग, अंधार व्हायच्या आत वर पोचायला हवं. पाच मिनिटं थांबतो मी.”

ज्याने सकाळी लंगड्या म्हाताऱ्यासाठी पाच मिनिटं दिली नाहीत, तो आता बायकोला उदार मनाने पाच मिनिटं देत होता. मला त्या क्षणी त्याच्या अंगावर थुंकावंसं वाटलं. मी आत येऊन ताईला जसंच्या तसं सांगितलं.

“एवढंच म्हणाले?”

“एवढंच.”

“मग म्हणावं, मी इथे बसलेय. आत या.”

“ताई, नाही येणार तो. मी बघितलं ना.”

“तू निरोप सांग गं.”

पुन्हा गेटाशी गेले. मी हेलपाटे घालत होते आणि ढेबे, शेवंता, पेंढारकरकाका, तंबूतली दोन-तीन कुटुंबं, सगळी ताटं हातात धरून आता गेटाकडेच बघत होती. भाऊजी छाती पुढे काढून त्या दोन बांबूंच्या बाहेर उभे होते. एक म्हैस त्यांच्या बाजूने चालत आत आली आणि नळाशी जाऊन उभी राहिली. कुणीतरी हसलं.

“ती म्हणते, आत या.”

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. वर डोंगराकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला विचार, खिचडीचं सामान तरी देते का. वर माणसं उपाशी आहेत.”

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. मी म्हटलं, “तुम्ही स्वतः विचारा.” ते डोंगराकडेच बघत राहिले. मी तरीही ते आत जाऊन सांगितलं, आणि सांगताना मला वाटत होतं, आता ताई रडेल, नाहीतर पातेलं उचलून फेकेल.

ताईने दोन्हीतलं काही केलं नाही. तिने पिशवी ओढून घेतली. बांधलेल्या हातांना जमेना, म्हणून शेवंता आणि मी मदतीला बसलो. तिने डाळ काढली, तांदूळ काढले, तेलाची बाटली, तिखट, मीठ, हिंगाची छोटी डबी, सगळं पातेल्यात नीट रचलं. वर झाकण ठेवलं. सांडशी आठवणीने घातली. “जिरं वेगळ्या पुडीत आहे म्हणावं,” ती म्हणाली. “फोडणीत आधी घालू नका, जळतं.”

मी ते पातेलं गेटापर्यंत नेलं. भाऊजींनी ते घेतलं. मी अजूनही थांबून होते, अजून काही बोलतील म्हणून. त्यांनी ते कामतच्या हातात दिलं. “चल,” म्हणाले. दोघं घळीच्या दिशेने निघाले. पहिल्या वळणावर पातेलं कामतच्या हातातून निसटलं आणि दगडावर आपटलं, त्याचा मोठा आवाज आला. मग झाडीत दोघंही दिसेनासे झाले.

ताई शांतपणे पिठलं-भाकरी जेवली. शेवंताने तिला घास मोडून दिले. काका पोस्टातले किस्से सांगत होते आणि ताई हसत होती. खोटं नाही, खरंच हसत होती. ती रात्र आम्ही नंबर घातलेल्या एका नारिंगी तंबूत काढली. ती इतकी गाढ झोपली की सकाळी तिला हलवून उठवावं लागलं. साताऱ्याच्या घरी ती त्यानंतर एकदाच गेली, कपडे आणि कागदपत्रं आणायला, आणि ते मीच टॅक्सीत भरले. पतपेढीत नोकरी होतीच तिची, ती तिने सोडली नाही. पुढे रीतसर कोर्टातून मोकळी झाली.

भाऊजी मंडळात ती गोष्ट अशी सांगायचे, की पत्नीने मोहाला बळी पडून साथ सोडली, पण मी तत्त्व सोडलं नाही. मला हे कळलं कामतकडून. त्याच्या दुकानात एकदा औषध घ्यायला गेले होते, तेव्हा तो डोळे पाणावून सांगत होता. मी गोळ्या घेतल्या आणि सुटे मागून घेतले.

बरीच वर्षं गेली. एकदा आम्ही दोघी ताईच्या नव्या जागेत मटार सोलत बसलो होतो, आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, “ताई, एक सांग. त्या दिवशी भाऊजी आत आले असते तर?”

“तर मी गेले असते गं,” ती लगेच म्हणाली. “त्याच पावली. पातेलं पाठीला लावून वर गेले असते आणि खिचडी टाकली असती. आणि पुढची सगळी वर्षंही.”

“मग दर वेळी ‘आत या, आत या’ म्हणून मला का पाठवत होतीस?”

तिने शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले, आणि माझ्याकडे पाहिलं.

“एकदा तरी बोलवायला हवं होतं ना. नंतर कुणी म्हणायला नको, हिने बोलावलं नाही,” ती म्हणाली. “पण तू गेटाकडे निघालीस की इकडे माझा घास हातातच राहायचा. त्यांनी तो पाय उचलला ना, तेव्हा तर मी डोळेच मिटले होते. देवाला एकच म्हणत होते, येऊ देऊ नकोस रे, येऊ देऊ नकोस.”